रिफिल केलेलं कार्ट्रिज परत यायचं थांबलं, माझा अनुभव

आमचं प्रिंटरच्या शाईची कार्ट्रिज रिफिल करायचं छोटं दुकान आहे, मधे महिनाभर एकच तक्रार, भाऊ इथे टेस्ट प्रिंट मस्त आली पण घरी १०-१२ पानांनंतर काळा रंग फिका पडतो. मी आधी शाईवर खापर फोडलं, दुसरी शाई आणली, पैसे गेले, फरक शून्य.

मग एक परत आलेलं कार्ट्रिज घेऊन निवांत बसलो. वरची सेलोटेप सोलली तर टेपखालून बुडबुडा वर आला आणि पुढचं पान एकदम गडद! म्हणजे चूक माझीच, सांडू नये म्हणून वरच्या हवेच्या भोकावर टेप गच्च लावत होतो, पण हवा आत गेल्याशिवाय शाई खाली उतरणार कशी, आतला स्पंज शाई नुसती ओढून धरतो.

आता टेप फक्त घरी नेईपर्यंत, बसवताना काढायची हे गिऱ्हाइकाला दोनदा सांगतो. भरण्याआधी नि नंतर सोनाराच्या काट्यावर वजन करतो, जास्त भरलं की स्पंजला पेलवत नाही, गळतं. रात्रभर नोझल (शाई बाहेर पडते ती बारीक भोकं) खाली करून टिश्यूवर ठेवतो, डाग पसरला तर बाजूला. आणि टेस्ट प्रिंट एक नाही, सलग १५ पानं काढतो, कागद जातो खरा, जाऊदे.