कूलरच्या वायरला टेपचा जोड असेल, तर चालू करण्यापूर्वी काय तपासावे

नागपुरात मार्च संपता संपता माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि उंदराने कुरतडलेली किंवा तुटलेली वायर कोणीतरी घाईघाईने जोडून देतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आलेल्या मेकॅनिकने दहा मिनिटांत तारांना पीळ दिला, वर काळी टेप गुंडाळली आणि कूलर सुरू करून दाखवला. पंखा फिरत होता, पाणी चढत होते, म्हणून मलाही काम नीट झाले असे वाटले. पुढे टेप उघडली तेव्हा कळले की हिरवी वायर, म्हणजे पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची वायर, त्याने जोडलीच नव्हती. कूलर चालायला फेज आणि न्यूट्रल पुरतात. अर्थिंग तुटलेला कूलरही तितकीच गार हवा देतो, त्यामुळे ही चूक चालवून पाहून सापडत नाही.

तपासणीआधी प्लग सॉकेटमधून काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण काही घरांत बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेले असते आणि कूलर बंद दिसला तरी त्याच्यापर्यंत २३० व्होल्ट पोहोचलेले असतात. टाकी रिकामी करून वायर प्लगपासून शेवटपर्यंत पाहावी, आणि टेपचा जोड दिसला तर तो सुधारत न बसता पूर्ण वायर बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पिळलेला जोड सैल झाला की तेथे रोध वाढतो, जागा तापते आणि टेपचा चिकटपणा जातो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना खिडकीबाहेर उन्हात असलेल्या टेपचे तसेही काही खरे नसते. इस्त्रीच्या वायरवर तर असा जोड मुळीच चालवू नये, कारण २०० वॅटच्या कूलरपेक्षा १००० वॅटची इस्त्री पाचपट करंट घेते आणि त्याच जोडात उष्णता पंचवीसपट निर्माण होते.

नवी वायर तीन कोअरची (आत तीन तारा असलेली), तांब्याची आणि आयएसआय चिन्हाची घ्यावी. हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार प्लगच्या जाड पिनला लावावी आणि प्लगच्या आत ती इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे वायर ओढली गेली तरी ती सर्वांत शेवटी निघेल. तिचे दुसरे टोक कूलरच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट कसावे. वायर पत्र्याच्या ज्या भोकातून आत जाते तेथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) नसेल, तर पत्र्याची धार नवी वायरही कापते. पंपाच्या वायरचा जोड मात्र हमखास विसरला जातो. तो टाकीवर लोंबकळत असतो आणि त्यावर सतत पाणी उडते. तो वर, कोरड्या जागी, कनेक्टरमध्ये बसवून घ्यावा.

काम झाल्यावर, प्लग बाहेरच ठेवून, मल्टिमीटर बीपच्या (कंटिन्युइटी) सेटिंगवर ठेवून त्याचे एक टोक जाड पिनला आणि दुसरे पत्र्यावरच्या उघड्या स्क्रूला लावावे. रंगावर टेकवल्यास खोटे उत्तर मिळते. येथे बीप आलीच पाहिजे, आणि उरलेल्या दोन पिनांपैकी कोणतीही पत्र्याशी जोडलेली दिसता कामा नये.

एवढे करूनही घरातल्या सॉकेटच्या मोठ्या छिद्रामागे वायरच नसेल, तर सगळी मेहनत वाया जाते. ते वायरमनकडून तपासून घ्यावे. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी ओतावे. एमसीबी (जास्त करंट गेल्यास आपोआप पडणारा स्विच) असल्याने आपण सुरक्षित आहोत, हा समज चुकीचा आहे: ती वायरला जपते, माणसाला नाही. शरीरातून जाणारा जीवघेणा करंट तिला जाणवतही नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) लागते आणि तिचे टेस्ट बटण हंगामाच्या सुरुवातीला दाबून पाहावे.

टाकीत पाणी भरताना, पायात चप्पल असो वा नसो, प्लग काढलेलाच असावा. कोणी कूलरला चिकटलेच तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा, ते शक्य नसल्यास स्वतः कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करावे, आणि १०८ क्रमांकावर फोन करावा.