रेडिओत खरखर आली तर: व्यत्यय शोधण्याची आणि तक्रार करण्याची रीत

सकाळच्या बातम्यांसाठी आकाशवाणी कोल्हापूरचे १०२.७ मेगाहर्ट्झ लावावे आणि शब्दांऐवजी नुसती खरखर ऐकू यावी, किंवा मोबाइलवर रेघा पूर्ण असतानाही फोन मध्येच तुटावा, असे झाले की आपण सर्वप्रथम कोणाला तरी दोष देतो. माझे म्हणणे असे की, दोष देण्याआधी दोन-तीन दिवस पद्धतशीर नोंदी ठेवाव्यात. कारण निम्म्या तक्रारींचे उत्तर आपल्याच घरातल्या स्विचबोर्डावर सापडते, आणि जी तक्रार खरोखर सरकारकडे न्यायची असते ती या नोंदींवाचून पुढे सरकत नाही.

पहिला प्रश्न असा, की बिघडलेल्या सेवेला संरक्षण आहे का. कोणती फ्रिक्वेन्सी कोणत्या कामासाठी, हे राष्ट्रीय फ्रिक्वेन्सी वाटप आराखड्यात ठरलेले असते आणि त्याची अंमलबजावणी दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन ही शाखा करते. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एफएमला, ११८ ते १३७ विमानांच्या संभाषणाला, याप्रमाणे वाटणी झालेली आहे. परवानाधारक सेवेत कोणी ढवळाढवळ केली तर सरकार हात घालते. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा किंवा गाडीच्या रिमोट चावीचा ४३३ मेगाहर्ट्झचा पट्टा मात्र परवानामुक्त आहे, आणि परवानामुक्त याचा अर्थ कोणालाही संरक्षण नाही. शेजाऱ्याच्या राउटरमुळे तुमचे वायफाय मंदावले तर त्याची तक्रार कोठेही चालत नाही. राउटरची वाहिनी १, ६ किंवा ११ यांपैकी जी मोकळी असेल तीवर न्यावी अथवा सरळ ५ गिगाहर्ट्झ वापरावे.

आता घरचा शोध. बॅटरीवर चालणारा रेडिओ घ्यावा, खरखर ऐकू येत असतानाच घराचा मेन स्विच बंद करावा आणि कान द्यावा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करण्यास विसरू नये, नाहीतर निम्मे घर चालूच राहते आणि निष्कर्ष चुकतो. आवाज थांबला तर उगम घरातच आहे. मग एकेक फ्यूज लावत जावे. स्वस्त एलईडी बल्बचे ड्रायव्हर (बल्बला वीज पुरवणारे आतले सर्किट), मोबाइलचे चार्जर आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हे नेहमीचे गुन्हेगार असतात. वस्तू बदलणे शक्य नसेल तर तिच्या वायरीवर फेराइटची (लोहयुक्त चुंबकीय पदार्थाची) कडी बसवून बरेच काम भागते.

मेन बंद करूनही आवाज तसाच राहिला तर रेडिओ मीडियम वेव्हवर, जिथे स्टेशन नाही अशा जागी लावून बाहेर पडावे. या रेडिओच्या आत फेराइटची कांडी असते, आणि कांडीचे टोक उगमाकडे वळले की आवाज सर्वांत क्षीण होतो. सेट हळूहळू फिरवून ती दिशा नकाशावर रेघेने काढावी, मग शे-दोनशे मीटर लांब जाऊन दुसरी रेघ काढावी. दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथे पाहावे. विजेच्या तारांखाली मात्र ही रीत फसते, कारण तारा स्वतःच आवाज दूरवर वाहून नेतात. रेघा एखाद्या खांबाकडे किंवा डीपीकडे जात असतील तर हवामानही लिहून ठेवावे: सैल कड्या आणि खिळ्यांमधून उडणाऱ्या ठिणग्यांचा आवाज उन्हाळ्यात कडक असतो आणि पाऊस लागला की अनेकदा गायब होतो. ही तक्रार दूरसंचार विभागाची नसून महावितरणची आहे; खांबाचा क्रमांक देऊन ती नोंदवावी. स्वतः खांबाला हात लावू नये, काठीने ठोकूनही पाहू नये. उद्यमनगर किंवा शिरोलीच्या बाजूला राहणाऱ्यांनी आवाजाची वेळ कारखान्यांच्या पाळ्यांशी ताडून पाहावी, कारण वेल्डिंगची यंत्रे हाही एक उगम असतो.

एक गमतीची गोष्ट इथेच सांगून टाकतो. उजळाईवाडी विमानतळाच्या परिसरात जुन्या धाटणीच्या एफएम सेटवर कधी वैमानिकाचे अस्पष्ट बोलणे ऐकू येऊ शकते. तो कोणाचाही अपराध नसतो. अशा सेटची अंतर्गत फ्रिक्वेन्सी १०.७ मेगाहर्ट्झ असते आणि तिच्या दुप्पट अंतरावरचा, म्हणजे लावलेल्या स्टेशनपेक्षा २१.४ मेगाहर्ट्झने जास्त असलेला प्रबळ संकेत त्यात घुसतो, ९८.३ लावले की ११९.७ ऐकू येते. दोष सेटचा, तक्रार कोणाचीच नाही.

खरी तक्रार करताना नोंदवहीत तारीख, सुरू होण्याची आणि थांबण्याची वेळ, नेमकी फ्रिक्वेन्सी, ठिकाण, बिघडलेली सेवा आणि आवाजाचे वर्णन (सलग गुंजारव, ठिणग्यांची तडतड की माणसाचे बोलणे) लिहावे आणि ध्वनिमुद्रण जोडावे. एफएम केंद्रात व्यत्यय असेल तर आधी त्या केंद्राच्या अभियंत्यांना कळवावे. परवानाधारकाच्या तक्रारीला वजन असते. मोबाइलची तक्रार आधी कंपनीकडे नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील यंत्रणेकडे जावे. त्यापुढे केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या संकेतस्थळावर दूरसंचार विभाग निवडून नोंदवहीची प्रत जोडावी. उगमाचा माग काढण्याचे सरकारी काम वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन करते. विमानसेवा किंवा पोलिसांच्या बिनतारीत अडथळा जाणवला तर नोंदवहीची वाट न पाहता संबंधितांना तत्काळ कळवावे.

उगम आपणच नसावे, हेही पाहावे लागते. तळघरातल्या दुकानात रेंज येत नाही म्हणून अनधिकृत बूस्टर बसवणे बेकायदेशीर आहे, आणि त्याचे दोन अँटेना एकमेकांजवळ असले की यंत्र स्वतःच शिट्टी मारू लागते. तो गोंधळ टॉवरच्या कानात शिरतो आणि रेघा पूर्ण असूनही आसपासचे फोन तुटतात. विसर्जन मिरवणुकीसाठी तालीम-मंडळे वॉकीटॉकी घेतात, त्यांनी केवळ किंमत पाहू नये. परवान्याशिवाय चालणारा पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा आहे, त्यातही शक्तीची मर्यादा आहे आणि सेटला उपकरण-मान्यता लागते. १३६ ते १७४ आणि ४०० ते ४७० असा भलामोठा पल्ला छापलेला खोका दिसला तर तो परत ठेवावा, किंवा आधी परवाना काढावा. परवाने आणि उपकरण-मान्यता यांचे अर्ज सरल संचार या सरकारी संकेतस्थळावर करता येतात.

तक्रार दिल्यानंतर वही बंद करू नये. आवाज थांबला तर तो दिवस आणि वेळ लिहावी, पुन्हा सुरू झाला तर तेही लिहावे. अधूनमधून येणाऱ्या व्यत्ययात तपासणीची गाडी नेमकी शांततेच्या दिवशी येण्याचा धोका असतो, आणि तेव्हा अधिकाऱ्यापुढे ठेवायला तुमच्याकडे एवढीच पाने असतात.