डोमेनचा लिलाव: बोली लावण्याआधी काय बघायचं, नाव हातात आल्यावर काय करायचं

लिलावात डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, जिंकणं हे डोमेन घेऊन पुढं विकायच्या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम. कार्ड चालू असलं आणि बोली वाढवायची तयारी असली की नाव आपलं झालंच. पण ते पुढं कुणाला विकायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर डॉट कॉमच्या एका नावामागं दरवर्षी हजार-पंधराशे रुपये नूतनीकरणाला भरत बसावं लागतं. म्हणून सुरुवात लिलावाच्या वेबसाइटवरून करू नका, गिऱ्हाइकापासून करा.

नाव आवडलं की ज्यांच्या पाटीवर ते शोभेल असे किमान दहा धंदे कागदावर लिहून काढा. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप, गोकाकचे करदंटवाले, बेळगावचे कुंदावाले, शहापूर-वडगावचे साडीवाले, खानापूर भागातले काजूवाले, निपाणीचे तंबाखू व्यापारी. दहा नावं सुचली नाहीत तर ते डोमेन सोडा. 'गाव अधिक माल' अशी जोडी आपल्या बेळगाव भागात चालते, कारण तिला एकाहून जास्त गिऱ्हाईक असू शकतात. निव्वळ ऐकायला छान वाटणारं, पण कुठल्याच धंद्याला न बसणारं नाव आपल्याकडं कुणी विकत घेत नाही.

गावाच्या स्पेलिंगकडं नीट बघा. नोव्हेंबर २०१४ मध्ये बेळगाव शहराचं सरकारी इंग्रजी नाव बदललं, तरी जुनं 'यू-एम'ने संपणारं स्पेलिंग लोकांच्या बोटांतून गेलेलं नाही. सरकारी कागदांवर नवं स्पेलिंग आणि गिऱ्हाइकाच्या शोधात बऱ्याचदा जुनं, अशी स्थिती असल्यामुळं दोन्ही मिळून जोडी करता आली तर ती एकट्या नावापेक्षा चांगली विकली जाते. एकच मिळत असेल तर दुसरं कुणाकडं आहे ते आधी तपासा. ते त्याच धंद्यातल्या चालू दुकानाकडं असेल तर आपण त्यात हात घालू नये. निपाणीत एक 'पी' की दोन, हाच घोळ. खानापूर तर दोन आहेत, एक आपल्या जिल्ह्यातलं आणि एक सांगली जिल्ह्यातलं. गिऱ्हाईक दोन्हीकडं मिळतं, पण नावात तालुक्याचा मालही असेल तर कुठल्या खानापूरचा ते ठरवूनच घ्या.

नाव लिलावात येतं कुठून

डॉट कॉमसारख्या नावाची मुदत संपली की ते लगेच मोकळं होत नाही. आधी नोंदणी कंपनीची सवलतीची मुदत असते, जास्तीत जास्त ४५ दिवसांची. त्यानंतर ३० दिवस असे, की जुना मालक जादा दंड भरून नाव परत घेऊ शकतो. शेवटी ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव सुटतं.

मोठ्या नोंदणी कंपन्या पहिल्या टप्प्यातच नाव लिलावाला काढतात. गोडॅडीचा लिलाव आणि नेमजेट इथं दिसणारी बरीच नावं अशीच आलेली असतात. इथं एक मेख आहे: लिलाव तुम्ही जिंकलात, पैसेही भरलेत, तरी जुन्या मालकाने मुदतीत नूतनीकरण केलं तर नाव त्याचंच राहतं आणि तुमचे पैसे परत येतात. त्यामुळं नाव प्रत्यक्ष आपल्या खात्यात दिसेपर्यंत कुणाला शब्द देऊ नका, पाटी रंगवायला तर मुळीच सांगू नका.

सुटलेलं नाव हाताने पकडायच्या भानगडीत पडू नका. ड्रॉपकॅच, स्नॅपनेम्स यांसारख्या कंपन्या अनेक नोंदणी परवान्यांमधून एकाच क्षणी मागण्या टाकतात, तिथं आपला ब्राउझर पोचत नाही. त्यांच्याकडं आगाऊ मागणी नोंदवायची. नाव मिळालं तरच पैसे द्यावे लागतात, म्हणून एकाच नावासाठी दोन-तीन कंपन्यांकडं मागणी ठेवायला हरकत नाही. एकाच कंपनीकडं अनेकांनी मागितलेलं असेल तर त्यांच्यात पुन्हा लिलाव लागतो.

तिसरा प्रकार म्हणजे मालकाने स्वतः विकायला काढलेलं नाव: सेडो, आफ्टरनिक, डायनाडॉट. इथं घासाघीस चालते. राखीव किंमत, म्हणजे मालकाने ठरवलेली किमान किंमत, गाठली नाही तर सगळ्यात वरची बोलीसुद्धा फुकट जाते.

बोलीआधीची तपासणी

आधी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये नाव टाका आणि त्यावर पूर्वी काय होतं ते वर्षावर्षाने बघा. मधल्या एखाद्या वर्षी जुगार, बनावट औषधं किंवा अनोळखी भाषेतली शेकडो पानं दिसली तर नाव सोडा. मग स्पॅमशी जोडलेल्या डोमेनांची यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या तपासणीत टाका. यादीत नाव असेल तर त्यावरून पाठवलेले ईमेल स्पॅममध्ये पडतील, आणि आपल्याकडचा कारखानदार डोमेन घेतो तोच मुळात कोटेशनच्या ईमेलसाठी.

मग ट्रेडमार्क. आयपी इंडिया या सरकारी ट्रेडमार्क कार्यालयाच्या सार्वजनिक शोधात सरळ शब्द टाकून थांबू नका, फोनेटिक शोधही करा. स्पेलिंग वेगळं पण उच्चार सारखा असं तिथंच सापडतं. वर्ग बरोबर निवडा: मिठाई ३०, कपडे आणि पादत्राणं २५, तंबाखू ३४. कुणाच्या ब्रँडचं नाव घेतलंत तर डॉट कॉमवर यूडीआरपी आणि डॉट इनवर, त्याचा कारभार बघणाऱ्या निक्सीच्या आयएनडीआरपी, या डोमेनच्या वादांचा निवाडा करणाऱ्या प्रक्रियांतून ते काढून घेतलं जाऊ शकतं, भरपाई शून्य. ब्रँडच्या मालकाला 'तुमचं नाव माझ्याकडं आहे, इतक्या लाखांना देतो' असा मेसेज पाठवणं म्हणजे दुष्ट हेतूचा पुरावा स्वतःच लिहून देणं. शाळा, विद्यापीठ, हॉस्पिटल, सहकारी बँक यांची नावंही याच कारणाने नकोत.

चपलांचं प्रकरण थोडं वेगळं. कोल्हापुरी चप्पलेला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याच्या क्षेत्रात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही येतात. म्हणजे अथणीच्या कारागिराला तसं नाव विकता येईल, पण कुठूनतरी आणलेला रेक्झिनचा माल त्या नावाखाली विकणाऱ्याला देऊ नका.

बोली

कमाल आकडा आदल्या दिवशीच ठरवा. बोलीशिवायचा खर्चही धरा. समजा ६० डॉलरला नाव मिळालं. मुदत संपलेल्या नावावर एक वर्षाचं नूतनीकरण वेगळं लागतं, ते १२ डॉलर धरू. वेबसाइटने १८ टक्के जीएसटी लावला, आणि कार्डवाल्या बँकेने परकीय चलनाचा साडेतीन टक्के आकार अधिक त्यावरचा कर घेतला. डॉलर ९० रुपये धरला तर ५,४०० वाटणारं नाव ८,००० च्या आसपास जातं. पुढं विकताना मध्यस्थ वेबसाइट १५ ते २५ टक्के कापते. हे सगळं जमेस धरून जो आकडा उरतो तीच तुमची कमाल बोली.

ती कमाल बोली सरळ टाकून ठेवता येते. यंत्रणा समोरच्यापेक्षा एक पायरी वर तेवढीच चढवत नेते. शेवटच्या मिनिटांत कुणी बोली लावली की बहुतेक ठिकाणी वेळ काही मिनिटांनी वाढतो, त्यामुळं शेवटच्या सेकंदाला झडप घालायची चाल इथं चालत नाही. उलट त्या वाढीव मिनिटांतच माणसं हट्टाला पेटतात आणि ६० डॉलरच्या नावाला २०० देऊन बसतात.

लिलाव बऱ्याचदा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळावर चालतात. आपण त्यांच्या साडेबारा तास पुढं असतो, आणि त्यांनी नोव्हेंबरात घड्याळ मागं घेतलं की साडेतेरा. हा तास चुकला की लिलाव हुकला. कार्डवर परदेशी ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधीच सुरू करून ठेवा. बरीच कार्डं मुळात फक्त देशातल्या वापरापुरती सुरू असतात, आणि जिंकून पैसे न भरणाऱ्याचं खातं बंद होतं. पावसाळ्यात हेस्कॉमची लाइट कधी जाईल सांगता येत नाही, मोबाइल डेटा हाताशी ठेवा.

नाव आल्यावर

पडताळणीचा ईमेल येतो, त्यातली लिंक १५ दिवसांत दाबली नाही तर डोमेन स्थगित होतं. तो ईमेल स्पॅममध्ये जातो, तिथंही शोधा. नवी नोंदणी किंवा बदली झाल्यावर साधारण ६० दिवस नाव दुसऱ्या नोंदणी कंपनीकडं हलवता येत नाही. गिऱ्हाईक घाईत असेल तर त्यालाच त्या कंपनीत खातं उघडायला लावा आणि खात्यातून खात्यात द्या, तेवढं बहुतेक ठिकाणी काही मिनिटांत होतं.

मग विकायला लावा. नेमसर्व्हर, म्हणजे पत्ता कुठं उघडायचा ते ठरवणारी डोमेनची सेटिंग, विक्रीच्या वेबसाइटकडं वळवले की पत्ता उघडणाऱ्याला 'विक्रीस आहे' हे पान दिसतं. किंमत लिहा, 'किंमत विचारा' म्हटलं की आपल्याकडचा दुकानदार विचारतच नाही. नेमबायोवर तशाच जुन्या विक्रीचे आकडे बघून अंदाज घ्या, पण तिथले डॉलरातले भाव खडेबाजारातल्या दुकानदाराला लावू नका. स्थानिक नाव विकायला ईमेलपेक्षा प्रत्यक्ष भेट बरी: एका कागदावर नाव, किंमत, वर्षाचा खर्च आणि ते घेऊन काय करता येईल हे मराठीत एका बाजूला, कन्नडमध्ये दुसऱ्या बाजूला.

डॉट भारतवर देवनागरी नाव २०१४ पासून घेता येतं. पाटीवर ते झकास दिसतं, पण बऱ्याच फॉर्ममध्ये त्याचा ईमेल स्वीकारला जात नाही आणि पुनर्विक्रीला गिऱ्हाईक नाही. हौसेने घ्यायचं तर घ्या.

ओळखीचा नसलेला खरेदीदार असेल तर एस्क्रो वापरा: तो पैसे मध्यस्थाकडं भरतो, मध्यस्थाने पैसे आल्याचं कळवल्यावर तुम्ही लॉक काढून हस्तांतरणाचा कोड देता, त्याने नाव मिळाल्याची खात्री केली की पैसे सुटतात. यूपीआयच्या स्क्रीनशॉटवर कोड देऊ नका, पैसे आपल्या बँकेच्या ॲपमध्ये दिसले पाहिजेत. 'मला नाव हवंय, पण आधी अमुक वेबसाइटवरून मूल्यांकन प्रमाणपत्र घ्या' म्हणणारा खरेदीदार नसतो. त्या प्रमाणपत्राचे पैसे उकळणं हाच त्याचा धंदा. परदेशातून रक्कम आली तर बँक पर्पज कोड, म्हणजे रक्कम कशापोटी आली ते सांगणारा कोड, विचारते. त्यासाठी लिलावाची पावती, एस्क्रोचा व्यवहार क्रमांक आणि नाव हस्तांतरित झाल्याचा ईमेल एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि तोच फोल्डर विवरणपत्राच्या वेळी सीएकडं द्या.