बाबागाडी घेऊन बाजाराला जाताय? या चुका टाळा

बेळगावातली गणपत गल्ली असो, खडेबाजार असो की निपाणी-खानापूरची पेठ, बाबागाडी घेऊन किराणा-भाजी आणायला जाण्यात गैर काहीच नाही. कडेवर दहा किलोचं मूल आणि दोन्ही हातांत पिशव्या, यापेक्षा ते केव्हाही बरं. गडबड होते ती वजनाची. बाळासाठी घेतलेल्या गाडीवर हळूहळू अख्खा बाजार चढतो आणि तो नेमका चुकीच्या जागी चढतो.

हँडलला पिशवी टांगणे

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि हुक विकत मिळतात म्हणून सगळेच करतात. साधा हिशेब बघा. साधारण ७ किलोची गाडी असेल तर तिचं स्वतःचं वजन मागच्या आसाच्या २५ सेंटीमीटर पुढे पडतं असं धरू: ७ गुणिले २५ म्हणजे १७५. हँडल त्याच आसाच्या ३० सेंटीमीटर मागे असतं. तिथे ६ किलोची पिशवी टांगली की झाले १८०. म्हणजे रिकामी गाडी मागे उलटणार. मूल आत बसलेलं असतं तोवर त्याच्या वजनाने तोल सांभाळला जातो. त्यामुळे बाजारभर काहीच होत नाही आणि बाळाला उचललं की तांदूळ, डाळ, तेल सगळं रस्त्यावर. तेवढ्यावर निभावलं तर ठीक. पण मूल मागे रेलून पाय झाडत असेल किंवा पायरी चढवताना तुम्ही हँडल दाबलं असेल, तर मुलासकट गाडी जाते आणि डोकं मागे आपटतं.

हँडलला रिकामी कापडी पिशवी, फार तर रुमाल-पाण्याची बाटली, एवढंच. कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, त्यामुळे लांब बंदांच्या कापडी पिशव्या घरोघरी आहेत. तो लोंबणारा बंद चाकात गुंडाळला जातो. ओढणी आणि पदराचंही तेच. बंदाला गाठ मारा, पदर खोचा.

जड सामान न्यायचंच नाही, हा खरा उपाय. तांदूळ, गहू, साखर, तेलाचा डबा यांची यादी किराणावाल्याला आदल्या दिवशी फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर द्या आणि घरपोच मागवा. ओळखीचा दुकानदार सहसा नाही म्हणत नाही. बाबागाडी घेऊन निघायचं ते भाजी, फळं आणि सुट्या किरकोळ वस्तूंपुरतं.

खालची टोपली भरताना

टोपलीची मर्यादा गाडीच्या पुस्तकात किंवा चौकटीवरच्या चिठ्ठीत लिहिलेली असते. बऱ्याच गाड्यांत ती २ ते ५ किलोच असते. बटाटे-कांदे तळाला, पुढच्या बाजूला. मेथी-कोथिंबिरीच्या पेंड्या वर. फिनेल, संडास धुवायचं ॲसिड, उंदराचं औषध टोपलीत ठेवू नका. सव्वा-दीड वर्षाचं मूल वाकून मागच्या बाजूने हात घालतं, आणि गळकं झाकण भाजीवर सांडतं ते वेगळंच. ते वेगळ्या पिशवीत, तुमच्या खांद्यावर.

दूध, दही, मासे, चिकन शेवटी घ्या. घरी पोचून फ्रिजमध्ये जाईपर्यंत दोन तासांच्या वर वेळ जाऊ नये. एप्रिल-मेच्या उन्हात पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास धरा. मूल रडलं, वाटेत थांबावं लागलं, हे सगळं त्या तासात येतं.

"दोनच मिनिटं तर" म्हणून पट्टा न लावणे

पाच टोकांचा पट्टा असेल तर पाचही टोकं लावा: दोन खांद्यांवरची, दोन कमरेची, एक मांड्यांमधलं. नुसती कमर बांधली की मूल उभं राहतं. पट्टा आणि छाती यांत दोन बोटं जावीत, मूठ नव्हे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, मान पुरती धरली नसेल, तर सीट जवळजवळ सपाट करता येणारीच गाडी हवी. उभ्या सीटमध्ये लहान बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो.

पायऱ्या, गटारी, जाळ्या

पुढची चाकं लहान आणि फिरती असतात. दोन-तीन सेंटीमीटरची फरशीची कडही त्यांना अडवते आणि जोरात ढकलल्यास गाडी पुढे कलंडते. चढताना हँडल हलकं दाबून पुढची चाकं उचला, पायरीवर टेकवा, मग मागची वर घ्या. उतरताना उलट: गाडी फिरवा, तुमची पाठ रस्त्याकडे, आणि मागची मोठी चाकं आधी खाली सोडा. मूल घेऊन पुढच्या चाकांवर उतरायचं नाही.

गटारीवरच्या लोखंडी जाळीच्या फटी चाकांच्या दिशेतच असतील तर चाक आत अडकतं. तिरकी वाट धरा. फरशीची झाकणं सुटलेली असतात, ती पायाने दाबून बघूनच पुढे. खडी आणि चिखलात पुढची चाकं लॉक करा, नाहीतर ती आडवी होऊन रुततात.

थांबताना ब्रेक लावा आणि तरी एक हात गाडीवर असू द्या. रस्त्याला उतार असेल तर गाडी आडवी लावा, उताराच्या दिशेने कधीच नाही. आणि दुचाक्यांच्या रांगेत उभी करू नका: बाळाचं तोंड जमिनीपासून अर्ध्या-पाऊण मीटरवर, नेमकं सायलेन्सरच्या धुराच्या टप्प्यात येतं, शिवाय तापलेल्या सायलेन्सरला पाय लागला तर भाजतं.

मिरचीच्या दुकानासमोर

हे इकडचं खास. मार्च ते मे हे चटणीचे महिने. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीची पोती दुकानाच्या तोंडालाच मांडलेली, शेजारी कांडप चालू. मोठ्या माणसाला दोन शिंका येतात. बाबागाडीतलं बाळ मात्र पोत्याच्याच उंचीवर असतं, आणि त्याच्या वाट्याला डंख जास्त येतो. मिरची खरेदीला बाळ न्यायचंच नाही, हा आमचा स्पष्ट सल्ला. न्यावंच लागलं तर एकाने बाळ घेऊन वारा जिकडून येतो त्या बाजूला, दहा-पंधरा पावलं लांब थांबावं.

मूल पोत्यात हात घालून बसलंच, तर नुसत्या पाण्याने धुवून उपयोग नाही. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. हाताला थोडं खाद्यतेल चोळून पुसा, मग साबण लावून धुवा. डोळ्यात गेलं असेल तर मात्र तेल नको, दूध नको: स्वच्छ पाणी, सलग पंधरा मिनिटं, आणि लाली किंवा रडणं थांबलं नाही तर थेट डॉक्टर.

टपावर दुपटं टाकणे

ऊन लागू नये म्हणून गाडीवर पातळ दुपटं किंवा ओढणी टाकतात. आत हवा खेळत नाही, उष्णता कोंडते आणि बाळ दिसतही नाही. टप पुढे ओढा, सावलीची बाजू धरा, वेळ बदला. पावसाळ्यात, आणि बेळगावात जून ते सप्टेंबर पाऊस असला तरी बाजार चुकत नाही, तेव्हा हवेची भोकं असलेलंच प्लास्टिकचं कव्हर वापरा. दुकानात शिरलात की ते काढा.

रडू थांबवायला हातात खाऊ

भाजीवाली मावशी प्रेमाने गाजराचा तुकडा देते, वाणी मूठभर शेंगदाणे-फुटाणे. आख्खे शेंगदाणे, फुटाणे, कच्चं गाजर, आख्खी द्राक्षं, गोळ्या हे लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकणारे पदार्थ आहेत, आणि हलत्या गाडीत रेललेल्या मुलाला तर धोका जास्तच. चार वर्षांपर्यंत शेंगदाणे आख्खे नकोतच. "घरी देते हं" म्हणून घ्या आणि पिशवीत टाका; कोणी रागावत नाही. सोबत मऊ केळं किंवा घरची पोळी असू द्या, आणि गाडी थांबवूनच भरवा.

मार्टमध्ये, रिक्षात, बसमध्ये

मार्टमध्ये एका हाताने ट्रॉली आणि दुसऱ्याने बाबागाडी ढकलू नका. दोन्हींचा ताबा जातो. खांद्याला बास्केट पुरेशी. ट्रॉलीतल्या बाळाच्या सीटवर आधाराशिवाय नीट बसणारंच मूल बसवावं. सरकत्या जिन्यावर बाबागाडी नाही, लिफ्ट बघा.

रिक्षात बसताना क्रम चुकतो आणि बोटं चिमटतात. आधी ब्रेक, मग मूल कडेवर, मग टोपली रिकामी, आणि शेवटी गाडी मिटवणं. मिटवलेली गाडी सीटमागच्या जागेत. शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून कर्नाटकातल्या महिलांना साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही, आणि बाजाराच्या वेळी त्या बसमध्ये उभं राहायला जागा मिळत नाही. उघडी गाडी घेऊन चढण्याचा विचारही नको. चंदगडकडून येणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायकांना ही सवलत लागू नाही, तिकीट काढावंच लागतं.

गाडी एका बाजूला ओढते, कुरकुरते

एका बाजूला ओढणाऱ्या गाडीच्या पुढच्या आसात बहुतेक वेळा केस, दोरा किंवा पोत्याची सुतळी गुंडाळलेली असते. चाक काढा, कात्रीने कापून काढा. कुरकुर थांबवायला खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो. सिलिकॉन स्प्रे घ्या. पावसातून आल्यावर मिटवून कोपऱ्यात उभी केली की कापडाला बुरशी आणि आसाला गंज. उघडी ठेवूनच वाळवा. ब्रेक लावूनही गाडी सरकत असेल तर मागच्या चाकाच्या दात्यांत माती बसलीय का बघा, जुन्या टूथब्रशने काढा. तरीही सरकली, तर दुरुस्त होईपर्यंत ती गाडी उताराच्या गल्लीत न्यायची नाही.