डायपोलची केबल काटकोनातच उतरवा

डायपोल, म्हणजे मध्यावर केबल जोडलेली दोन भुजांची तारेची ॲंटेना, ताणताना सगळं लक्ष तारेकडे असतं. कोॲक्स, म्हणजे आत एक तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी असलेली रेडिओपर्यंतची केबल, मात्र सोयीच्या वाटेने खाली येते आणि नेमकं तिथेच बिघडतं.

१४.२ मेगाहर्ट्झचा डायपोल घ्या. अर्ध्या तरंगलांबीच्या तारेसाठी १४२.५ भागिले १४.२, म्हणजे एकूण तार सुमारे १० मीटर, प्रत्येक भुजा ५ मीटर. तो तारेच्या काटकोनात दोन्ही बाजूंना रेडिओ लहरी जोरात फेकतो, टोकांच्या दिशेने फारच कमी. वरून बघितलं तर आकार इंग्रजी आठासारखा. महाराष्ट्रातून युरोप वायव्येला येतो, म्हणून मी तार ईशान्य-नैर्ऋत्य ताणतो. आग्नेयेला ऑस्ट्रेलियाही सापडतो.

आता केबल. मध्यबिंदूपासून किमान पाव तरंगलांबी, इथे ५ मीटर, ती तारेला काटकोनात सरळ खाली सोडा. मी पहिल्यांदा ती एका भुजेखालूनच तिरकी जिन्याकडे नेली होती. जवळच्या भुजेने केबलच्या जाळीवर बाहेरून प्रवाह उठवला आणि केबल ॲंटेनाची तिसरी भुजा झाली. मग आठाचा आकार वाकडा होतो, टोकांकडची शांत जागा भरून येते.

काटकोन साधला तरी काम संपत नाही. जाळीची आतली आणि बाहेरची बाजू उच्च वारंवारतेला दोन वेगळ्या तारांसारखी वागते, आणि एका भुजेचा थोडा प्रवाह बाहेरच्या बाजूने खाली उतरतो. म्हणून तार आणि केबलच्या जोडाच्या अगदी खाली चोक, म्हणजे हा बाहेरचा प्रवाह अडवणारं वेटोळं, लावा: मोठ्या फेराइट टोरॉइडवर (कड्याच्या आकाराच्या गाभ्यावर), ३१ किंवा ४३ नंबरच्या मिश्रणाच्या, पातळ कोॲक्सचे १०-१२ वेढे.

केबलची लांबीही बघा. खाली अर्थ केलेली (जमिनीला जोडलेली) असेल, तर जोडापासून अर्थपर्यंत साधारण १० मीटर, म्हणजे अर्धी तरंगलांबी, टाळा. त्या लांबीला बाहेरच्या प्रवाहाला वाट सर्वात सोपी होते. हे मोजताना कोॲक्सचा ०.६६ हा वेग-गुणक (केबलमधल्या लहरींचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती पट, तो आकडा) लावू नका. तो आतल्या लहरींसाठी असतो, बाहेरची बाजू जवळपास मोकळ्या तारेसारखी वागते.

शेवटी तपासणी. पॉवर ५ वॅटवर आणा, एसडब्ल्यूआर मीटरवर (ॲंटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणाऱ्या) नजर ठेवा आणि दुसऱ्याला केबलच्या शाबूत आवरणावरून हात फिरवायला सांगा. काटा हलला, तर बाहेरून प्रवाह वाहतोय. काटा स्थिर राहिला म्हणजे सगळं ठीकच, असं मात्र धरू नका. चोक लावल्यावर माझ्या रिसीव्हरमधली घरच्या एलईडी दिव्यांची खरखर खूप खाली गेली, ते मला काट्याहूनही जास्त पटलं.