भंगार पट्ट्यांचा चौकटीवाला चॉपिंग बोर्ड

फर्निचरचं काम चालू असलेल्या कुठल्याही घरात किंवा सुताराच्या दुकानात बघा, कोपऱ्यात सागाच्या, शिसमच्या, बीचच्या हातभर पट्ट्या पडलेल्या असतात आणि शेवटी त्या बंबात जातात. मागितल्या तर बहुतेक फुकटच मिळतात, फार तर चहापाण्याला द्यायचे. त्यातनं बुद्धिबळाच्या पटासारखा जाडजूड बोर्ड होतो, आणि बघणाऱ्याला वाटतं ऐंशी तुकडे एकेक करून चिकटवलेत. तसं कोणी करत नाही हो. पट्ट्या चिकटवून फळी करायची, ती आडवी कापायची, काप फिरवून परत चिकटवायचे, झालं.

लाकूड निवडताना नुसता रंग बघू नका. शिसमशेजारी पाइन लावलं तर घासताना मऊ पाइन जास्त झिजतं आणि बोर्डावर खड्डे पडतात, म्हणून कडकपणा साधारण सारखा हवा, शिसम आणि बीच ही जोडी छान जमते. प्लायवूड, एमडीएफ नको. पॅकिंगच्या पॅलेटचं लाकूड घेत असाल तर शिक्का बघा, एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते चालतं, पण एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते स्वयंपाकघरात आणूच नका. जुन्या लाकडातले खिळे आधी काढा नाहीतर ब्लेडचं वाटोळं. आणि पावसाळ्यात उघड्यावर पडलेलं लाकूड काही आठवडे घरात वाळू द्या.

आता मापं. 30 बाय 30 मिमीच्या 400 मिमी लांब आठ पट्ट्या, चार गडद चार फिक्या. चौरस का, तर नंतर काप वळवल्यावर पट्टीची जाडीच चौकटीची दुसरी बाजू होते. पट्ट्यांची संख्या समच ठेवा, कारण विषम घेतल्या तर दोन्ही टोकांना एकच रंग येतो आणि काप उलटा केला तरी डिझाइन जागचं हलत नाही. 30 मिमीचे दहा काप म्हणजे 300, प्रत्येक कापाला ब्लेड साधारण 3 मिमी खातं ते धरून 330, उरलेलं लाकूड शेवटचा काप घेताना धरायला लागतंच. तोकडा तुकडा हाताने ब्लेडपाशी ढकलायचा नाही, बोटं परत चिकटत नाहीत.

पट्ट्या एक गडद एक फिकी अशा मांडा, बाजूंना पूर्ण अंगभर गम लावा. साग असेल तर त्याच्या अंगात तेल असतं, गम लावायच्या आधी थिनरने पुसून घ्या. गम पाण्याला टिकणारा हवा, साधा पांढरा धुण्यात सुटतो. शिकंजे नसतील तर सरळ जाड फळीवर दोन बाजूंना दोन पट्ट्या ठोका, मध्ये आपलं काम ठेवा आणि फटीत समोरासमोर पाचरी मारा, मस्त दाब बसतो. खाली प्लास्टिक घाला नाहीतर सगळं फळीलाच चिकटेल. सांध्यातनं गमचे बारीक मणी सगळीकडे सारखे बाहेर आले म्हणजे दाब बरोबर, एका जागी कोरडं दिसलं तर तिथे गम कमी पडलाय. रात्रभर हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी फळीच्या वरच्या-खालच्या दोन्ही बाजू रंध्याने अगदी सपाट करा, कंटाळा नको, कारण पुढे ह्याच बाजू एकमेकींना चिकटणार आहेत. मग ब्लेड गुण्याने, म्हणजे काटकोन बघायच्या पट्टीने, तपासून काटकोनात काप घ्या.

आता खरी गंमत इथे आहे. बरेच जण काप तसेच आडवे ठेवून कापलेली तोंडं एकमेकांना चिकटवतात, दिसायला तेच डिझाइन येतं पण सांधा कच्चा राहतो, कारण लाकडाचे तंतू म्हणजे बारीक नळ्या, उघडी तोंडं गम शोषून घेतात आणि सांध्यात काही उरतच नाही. म्हणून प्रत्येक काप कुशीवर वळवायचा, कापलेलं तोंड वर. आता सपाट केलेल्या बाजू एकमेकींसमोर येतात, त्या घट्ट धरतात. मग एक सोडून एक काप टोकाकडून उलटा करा, गडदाशेजारी फिका आला की चौकट तयार! शिवाय सुरी तंतूंच्या मधे शिरते त्यामुळे ओरखडे कमी दिसतात. आधी गम न लावता एकदा सगळं मांडून, पेन्सिलने नंबर टाकून ठेवा, गम लावल्यावर घाईत हमखास एखादा उलटा बसतो.

वाळल्यावर घासणं, आणि हे काम जीव काढतं. रंधा मारला तर कडेचे तुकडे उडतात, मारायचाच असेल तर आधी कडा जरा तिरक्या करून बाहेरून आत या. मी तर सरळ 60 नंबर पेपरपासून सुरू करेन, मग 80, 120, 220, तोंडाला मास्क लावून, शिसमची धूळ बाधते. 220 नंतर ओल्या फडक्याने पुसा, रोवा म्हणजे लाकडाचे बारीक तंतू उठतात, वाळलं की परत 220.

शेवटी मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन भरपूर ओता, तोंडं वर असल्याने बोर्ड गटागटा पितो, पिणं थांबेपर्यंत देत राहा आणि उरलेलं पुसून टाका. शेंगदाणा तेल नको, खवट वास येतो. बोर्डाच्या भोवती लाकडी चौकट चिकटवायचा मोह टाळा, दमट हवेत लाकूड फुगतं आणि चौकट कोपऱ्यात उघडते. पाण्यात बुडवून ठेवू नका, धुऊन उभा वाळवा. तेल महिन्या-दोन महिन्यांनी, पृष्ठभाग पांढुरका दिसायला लागला की परत.