कॅरोटिड स्टेंटिंग: फिल्टर परत येत नसेल तर

मानेतल्या कॅरोटिड धमनीत स्टेंट (तारांच्या जाळीची नळी) लागला, पोस्ट-डायलेशन (फुग्याने तो आणखी फुलवणं) झालं, आणि मेंदूकडे जाणारे कण अडवायला पुढे लावलेला फिल्टर काढायला सोडलेला रिट्रीव्हल कॅथेटर (फिल्टर मिटून घेणारी बारीक नळी) स्टेंटच्या तोंडाशीच अडला. जोर लावू नका, आणि फिल्टर तसाच उघडा ओढू तर मुळीच नका. तो स्टेंटच्या तारांत गुंतला की स्टेंट सरकतो किंवा वायर तुटते. आधी एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) पाहा. २५० सेकंदांच्या खाली असेल तर हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) द्या, नाहीतर फिल्टरवर गुठळी धरते.

कॅथेटर अडतो तो बहुधा वळणावर. फिल्टरची ०.०१४ इंची वायर एका भिंतीला घासून जाते आणि कॅथेटरचं टोक तिथल्या तारेत रुततं. ओपन-सेल (मोकळ्या जाळीच्या) स्टेंटमध्ये हा त्रास जास्त. म्हणून वायरची बाजू बदलायची. कॅथेटर जरा मागे घ्या, फिरवत पुढे सोडा. रुग्णाला मान दुसरीकडे वळवायला, आवंढा गिळायला, खोल श्वास घ्यायला सांगा. एवढ्यानेही पुष्कळदा काम होतं. मग शीथ (ज्यातून सगळं आत जातं ती बाहेरची नळी) स्टेंटजवळ आणून आधार वाढवा. तरी जमेना तर बाकदार टोकाचा कॅथेटर घ्या. ५ फ्रेंच (जाडीचं माप) जाडीचा, १२५ सेंमी लांबीचा व्हर्टिब्रल कॅथेटरही चालतो. बाहेरून मान दाबायची तर बेतानेच, नाडी मंदावते. या सगळ्यात एकाने वायर धरून ठेवायची आणि फिल्टर स्क्रीनवर दिसत राहिला पाहिजे, कारण तो वरखाली झाला की स्पाझम (धमनी आखडणं) आलाच.

रक्तप्रवाह मंदावला असेल तर गोष्ट वेगळी. कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारं द्रव) फिल्टरपर्यंत येऊन तसाच उभा राहतो तेव्हा फिल्टर भरलाय असं धरून चाला. पुन्हा पुन्हा कॉन्ट्रास्ट मारू नका, कचरा फिल्टरच्या कडेने मेंदूत जाईल. ॲस्पिरेशन कॅथेटर (रक्त ओढून घेणारी नळी) फिल्टरपर्यंत नेऊन २० ते ४० मिली रक्त ओढा, गाळून पाहा. कण येत असतील तर आणखी ओढा. मगच फिल्टर धरा, पण गच्च मिटू नका: पिळला गेला तर आतलं बाहेर पडतं. तोंड तेवढं कॅथेटरात घेऊन स्टेंटमधून सावकाश खाली आणा.

एवढं करूनही सुटत नसेल तर व्हॅस्क्युलर सर्जनला लगेच बोलवा.

फिल्टर निघाल्यावर मानेचा आणि मेंदूचा अँजिओ (कॉन्ट्रास्ट देऊन काढलेलं धमन्यांचं चित्र) दोन कोनांतून घ्या. फिल्टर होता तिथे धमनी आखडलेली दिसली तर धमनी सैलावणारं नायट्रोग्लिसरीन १०० ते २०० मायक्रोग्रॅम, अर्थात बीपी झेपत असेल तरच, आणि पाच-दहा मिनिटं थांबा. डिसेक्शन (धमनीच्या भिंतीचा आतला थर फाटणं) आहे हे नक्की झाल्याशिवाय तिथे दुसरा स्टेंट टाकू नका.